ड्रॉइंगात होता ता केलंय

(दृश्य: काजू कारखाना, सकाळ. वाफवलेल्या बियांचा ढीग. हात.)

वेंगुर्ल्याकडचा एक छोटा काजू कारखाना. सकाळचे साडेसात. काल वाफवलेली बी रात्रभर पसरून गार झालीय. काकींनी हाताला तेल चोळलं, कारण टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी जळते. बी दोन वाकड्या पात्यांच्या मधे धरली, दांडा ओढला, पायाखालचं पेडल दाबलं. खट्. टरफल दोन्हीकडे उघडलं आणि आतला गर अख्खा बाहेर आला.

अख्खा आला, हे महत्त्वाचं. डब्ल्यू ३२० ही बाजारातली प्रत, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून मोठे, १७० ते १८०. गर फुटला की तो पाकळी नाहीतर तुकडा, आणि तुकड्याला तुकड्याचाच भाव. काकींच्या मनगटाला हे पाठ आहे. पातं किती आत शिरलं की थांबायचं, ते त्यांना सांगावं लागत नाही.

आमची गोष्ट मात्र त्या पात्याची आहे.

(दृश्य: कुडाळ एमआयडीसी. पत्र्याची शेड, लेथचा आवाज.)

कुडाळात दोन तरुण इंजिनिअर विजेवर चालणारं छोटं कटिंग मशीन बनवत होते. शिकलेले पुण्यात, गाव इथलंच. कॉम्प्युटरवर मशीन सुरेख दिसत होतं. पात्यासाठी त्यांनी स्टेनलेस निवडलं, ग्रेड ३०४. कारणही रास्त होतं. खाण्याची वस्तू आणि त्यात ही खारी हवा. इथे साधं लोखंड उघड्यावर राहिलं तर चार दिवसांत तांबूस होतं.

ड्रॉइंग तयार झालं. तीन वर्कशॉपांकडून कोटेशन मागवली, सगळ्यात कमी दराच्या मेस्त्रींना काम दिलं. मेस्त्रींना विचारलेले प्रश्न एकूण दोन. रेट काय? आणि कधी देणार?

पाती वेळेवर आली. मापात होती. मशीन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पात्यांची धार वळली. टरफल कापलं जाण्याऐवजी चेपायला लागलं. संध्याकाळी ट्रेमध्ये पाहिलं तर अख्ख्यांपेक्षा तुकडे जास्त.

फोन गेला. मेस्त्री आले, पातं उजेडात धरलं, धारेवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंगात होता ता केलंय."

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गंजायला नाखूष, पण तापवून थंड केलं तरी कडक होत नाही. मेस्त्री लोकांच्या भाषेत, तिला पाणी चढत नाही. धार धरायला ४२० सारखी ग्रेड लागते, जी भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवून कडक करता येते. मेस्त्रींना हे ड्रॉइंग हातात आलं त्याच दिवशी कळलं होतं. मग बोलले का नाहीत?

"माका कोणी इचारल्यान?"

आम्ही कॅमेरा बंद केल्यावर ते थोडं अधिक बोलले. एकदा दुसऱ्या कुठल्याशा कंपनीला त्यांनी असंच सुचवलं होतं. त्या कंपनीने सुचवलेला बदल घेतला, ड्रॉइंग सुधारलं आणि काम दुसऱ्या स्वस्त माणसाला दिलं. सॅम्पलचे पैसेही बुडाले. तेव्हापासून मेस्त्रींनी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. चूक कोणाची म्हणायची? माझ्या मते मेस्त्रींची नाही.

(दृश्य: चहाचे ग्लास. टेबलावर ड्रॉइंगचा कागद, त्यावर काजू बिया.)

दुसऱ्या खेपेला ड्रॉइंग पक्कं करण्याआधीच मेस्त्रींना बोलावलं. बसायला ऑफिसात नाही, कारखान्यातच, काकींच्या शेजारी. काम त्यांनाच मिळणार हे आधी लिहून दिलं. सॅम्पलचे पैसे वेगळे धरले. बाकी पैशाचं म्हणाल तर कायदा आहेच. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लहान पुरवठादाराचं बिल ठरल्याप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. एप्रिल २०२४ पासून तर उशिरा दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तरी लहान वर्कशॉपवाला कायद्याचं पुस्तक काढून भांडत नाही. तो पुढच्या वेळी गप्प बसतो, एवढंच.

त्या दिवशी मेस्त्री गप्प बसले नाहीत.

पहिलं बोट त्यांनी पात्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवलं. कागदावर तो कोपरा अगदी काटकोनात होता. "हय चीर जातली." कडक करताना पोलाद एकदम थंड होतं तेव्हा ताण नेमका अशा धारदार कोपऱ्यात साठतो आणि तिथूनच तडा जातो. कोपरा थोडा गोलसर केला की भागतं. पेन्सिलने त्यांनी तो तिथल्या तिथे गोल केला. इंजिनिअरच्या कॉम्प्युटरात हा बदल करायला मिनिटभरही लागलं नाही.

मग मापांवर गाडी आली. ड्रॉइंगभर सगळीकडे दोन शतांश मिलिमीटरची सूट लिहिली होती, म्हणजे माप तेवढंच मागेपुढे चालेल, अगदी झाकणाच्या भोकालासुद्धा. मेस्त्रींनी विचारलं, यातली खरोखर लागणारी मापं कोणती? दोघे इंजिनिअर एकमेकांकडे बघत राहिले. मोजून चार निघाली. उरलेल्यांना ढील दिली आणि दर आपोआप उतरला.

तेवढ्यात काकी, ज्यांना या बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं, टेबलावरच्या बिया चाळवत म्हणाल्या, "ही सगळी एकाच पोत्यातली काय?"

होय, एकाच पोत्यातली. इंजिनिअरांनी पात्याची खोबण त्याच बियांवरून काढली होती. पण वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने आणलेल्या जातीच बघा. वेंगुर्ला १ ची बी साधारण ६ ग्रॅमची, वेंगुर्ला ४ ची पावणेआठच्या आसपास, आणि १९९७ ची वेंगुर्ला ७ तर १० ग्रॅमच्या घरात. बागेतून येणाऱ्या पोत्यात या सगळ्या, शिवाय गावठी झाडांच्या. इथला माल संपला की कारखाने आफ्रिकेची बी आणतात, ती आणखी बारीक. एका मापाचं पातं मोठी बी फोडणार आणि बारीक तशीच सोडणार.

म्हणजे पाती तीन मापांची हवीत, चाळून घेतलेल्या बियांप्रमाणे बदलायची. बदलायला दर वेळी मशीन खोलायचं? मेस्त्रींनी बोल्टचं गोल भोक खोडून लांबट खाच काढली. बोल्ट ढिला करा, पातं सरकवा, आवळा. पाना एकच.

मशीनचा बेड, म्हणजे खालची बैठक, ओतून देणाऱ्या कोल्हापूरच्या फौंड्रीलाही बोलावलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना जुनंच ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, बेड जुन्या भोकांचा ओतून आला, तो आंबोली घाट चढून परत गेला. आता कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि सुधारणेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत असतो, आणि नवा कागद लागला की जुना फाडला असा फोटो वर्कशॉपने पाठवायचा.

४२० ची एक अडचण उरतेच. धार धरते, पण ३०४ पेक्षा लवकर गंजते. रोज कोण पुसणार, असं इंजिनिअरने विचारलं तेव्हा काकी हसल्या. दिवसभर टरफलाच्या तेलातच असतात ती, गंजायला वेळ कुठे? गंजतील ती पावसात, मशीन बंद असताना.

(दृश्य: मार्च. अंगणात वाळत घातलेली नवी बी. मशीन चालू.)

नव्या हंगामाच्या बियांवर नव्या पात्यांची चाचणी झाली. पहिल्या आठवड्यात दररोज संध्याकाळी अख्खे किती, पाकळी किती, तुकडा किती, हे वजन करून मेस्त्रींना पाठवलं. पूर्वी त्यांच्या पात्यांचं पुढे काय होतं ते त्यांना कधी कळायचंच नाही. चौथ्या दिवशी तुकडा वाढलेला दिसला आणि ते न बोलावता दुचाकीवरून आले. एका पात्याचा बोल्ट सैल होता. आवळला, चहा घेतला, गेले.

(दृश्य: जून. रात्र. पत्र्यावर पाऊस.)

मृगाचा पहिला पाऊस. कारखाना दोन दिवस बंद. रात्री साडेनऊला इंजिनिअरचा फोन वाजला. पलीकडून मेस्त्री.

"पाती पुसून ठेवलात मा?"

इंजिनिअर घड्याळाकडे बघतो. मग खुंटीवरचा रेनकोट काढतो.