रात्री माणूस ओळखू आला पाहिजे

नमस्कार मंडळी. समोर बरेचसे रावेर-यावलकडचे केळीवाले दिसतायत, मागे दुकानदार आहेत, आज बोलायचंय रात्रीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यावर, तर मी आधी शेताचंच बोलतो कारण खरा अंधार तिथंच असतो. मागच्या वर्षी माझ्याच एका गिऱ्हाईकाची, आप्पांची, विहिरीवरची केबल कापून नेली, तांब्यासाठी. कॅमेरा मीच बसवलेला, चांगला ८ मेगापिक्सेलचा, आणि फुटेज बघितलं तर माणूस येतो, वाकतो, काम करून निघून जातो, पण तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा. आप्पा मला काहीच बोलले नाहीत, गप्प बसून राहिले. ते अजून खुपतं मला.

तर आधी मेगापिक्सेलचं. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, तेवढाच ठेवून मेगापिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, वाढवले की एकेक ठिपका बारीक होतो आणि त्याच्या वाट्याला उजेड कमी येतो, दिवसा काही कळत नाही, रात्री मात्र चित्रात मुंग्या आल्यासारखं होतं. म्हणून दुकानात सेन्सर केवढा आणि लेन्सचा एफ नंबर किती हे विचारा, तो जितका लहान तितका उजेड जास्त, एफ १.० ची लेन्स एफ २.० पेक्षा चौपट उजेड आत घेते. खोक्यावर ०.००१ लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका. अहो पौर्णिमेचं चांदणं सुद्धा पाव लक्सच्या आसपास असतं! इतक्या अंधारात चित्र दाखवायला कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, मग बांधलेला बैल छान दिसतो आणि चालणारा माणूस फराट्यासारखा.

आता तो पांढरा गोळा. कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा, उजेड जवळच्यावर जास्त पडतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा. आमचा कॅमेरा १५ फूट उंचीवर, सगळ्या वावराकडे तोंड करून, त्या काळोखासाठी त्याने स्वतःला ॲडजस्ट केलेलं आणि माणूस अगदी पुढ्यात आला, तोंड जळणारच. उलटंही होतं, केळीचं पान समोर हलत असलं तर हिरवं पान इन्फ्रारेडमध्ये पांढरंफटक चमकतं, कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, तो चित्र दाबतो आणि मागचं सगळं काळं. मी काय केलं, कॅमेरा ८ फुटांवर आणला, वावर सोडून स्टार्टरच्या पेटीवर धरला, कारण चोराला तिथं थांबावंच लागतं, आणि बाजूला ५-६ फूट सोडून एक ९ वॅटचा बल्ब लावला, बॅटरीवर, लाईट गेली तरी चालणारा. किडे आता बल्बकडे जातात, लेन्सवर कोळ्याचं जाळंही कमी. आता आप्पांचा सालदार रात्री मोटर चालू करायला गेला की मोबाईलवर चेहऱ्याने ओळखू येतो.

सिमकार्डवाले सोलर कॅमेरे बऱ्याच जणांनी घेतलेत, त्यांचं एक लक्षात ठेवा. माणूस आला हे त्यांना अंगाच्या उष्णतेवरून कळतं, म्हणजे अंग आणि हवा यांच्यातल्या फरकावरून, आणि आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४५ आणि रात्री ९ वाजताही हवा तापलेली, फरक राहतोच किती! कॅमेरा झोपून राहतो. उन्हाळ्यात सेन्सिटिव्हिटी वाढवा आणि कॅमेरा असा लावा की माणूस त्याच्याकडे सरळ न येता समोरून आडवा जाईल, आडवी हालचाल त्याला लवकर कळते.

दुकानदारांना थोडक्यात, तुमच्या दारात रस्त्याचा दिवा असतो त्यामुळे रंगीत चित्र देणारा कॅमेरा घ्या, आणि काच पुसत जा, धुळीवर इन्फ्रारेड पडलं की धुकं दिसतं. गाडीचा नंबर त्याच कॅमेऱ्यात मिळेल ही आशा सोडा, नंबरप्लेट इन्फ्रारेडमध्ये पांढरी होते, तिला वेगळा कॅमेरा आणि फास्ट शटर लागतं.

आणि ज्यांचा कॅमेरा दिवसा चालतो पण अंधार पडला की बंद-चालू होतो, त्यांनी कॅमेऱ्याला दोष देऊ नका. रात्री कॅमेऱ्यातले दिवे लागले की करंट जास्त ओढला जातो, घरापासून लांबवर बारीक वायरने १२ व्होल्ट नेलेले असतात, ते तिथं पोचेपर्यंत १० वर येतात. वायर जाड टाका, नाहीतर अडॅप्टरच कॅमेऱ्याजवळ न्या.