फेसाच्या हट्टापायी हरवलेला कॅस्टील साबण

अध्यक्ष महोदय, आणि घरी साबण करणाऱ्या व करू पाहणाऱ्या सर्व मंडळींनो,

कॅस्टील साबणात, म्हणजे निव्वळ ऑलिव्ह तेलाच्या कडक साबणात, ते तेल नेमके काय काम करते, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी कॉस्टिक सोडा हाताळलेला आहे, ट्रेस, म्हणजे तेल आणि सोड्याचे पाणी घोटताना मिश्रण दाट होऊ लागण्याची वेळ, कशी ओळखायची हेही आपल्याला ठाऊक आहे, म्हणून प्राथमिक गोष्टींत मी वेळ घालवत नाही. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते. साबणाची परीक्षा केवळ फेसावरून करायची ठरवली, तर हा साबण आपल्याला कधीच उमगणार नाही.

ऑलिव्हबद्दल बोलण्याआधी मला एका झुडपाबद्दल बोलायचे आहे, कारण या साबणाचे सगळे श्रेय तेलाला देण्याची रीत मला अन्यायाची वाटते. उत्तर युरोपात साबण होत असे तो मुख्यतः जनावरांची चरबी आणि लाकडाची राख यांचा. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, आणि पोटॅशियमचा साबण लगद्यासारखा मऊ राहतो. स्पेनच्या अलिकांते आणि मुर्सिया भागातल्या खारवट जमिनीत मात्र मांसल पानांची झुडपे वाढतात, जी मातीतले सोडियम स्वतःत साठवून घेतात. ही झुडपे कापून, वाळवून खड्ड्यात जाळली की राख वितळते आणि थंड झाल्यावर तिचा करड्या रंगाचा दगडासारखा गड्डा बनतो. या गड्ड्याला बारिला म्हणत. तो फोडायचा, कुटायचा, भिजवलेल्या चुन्यात मिसळायचा आणि त्यावर पाणी सोडून खाली झिरपणारे दाहक पाणी गोळा करायचे. चुना राखेतला कार्बोनेट ओढून घेतो व पाण्यात कॉस्टिक सोडा उरतो. पिंपात मिळणारे पांढरे दाणे आपण वापरतो, त्यांच्या जागी तेव्हा ही एवढी खटपट होती. आपल्याकडचा सज्जीखारही सिंध-पंजाबातल्या अशाच झुडपांच्या राखेपासून करत, आणि पापडाच्या पिठात तो घालणाऱ्या घरांना ही राख परकी वाटायचे कारण नाही. कडक, पांढरी, कापता येणारी वडी मिळाली ती या सोडियममुळे. ऑलिव्ह तेल आणि अशी राख एकाच किनाऱ्यावर मिळत होती, म्हणून हा साबण तिथे जन्मला.

ही विद्या मुळात पूर्व भूमध्य किनाऱ्याची, आणि ती अरबांबरोबर स्पेनमध्ये आली असे मानले जाते. सीरियातल्या अलेप्पोत ऑलिव्हबरोबर लॉरेल या झाडाच्या फळांचे तेल घालतात. पॅलेस्टाइनमधल्या नाबलुसला मात्र निव्वळ ऑलिव्ह तेल. या दोन्ही परंपरांची नोंद युनेस्कोने २०२४ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. नाबलुसची पद्धत मला फार आवडते. शिजलेला साबण वरच्या मजल्यावरच्या प्रशस्त फरशीवर ओततात, तो आवळला की रंगात बुडवलेल्या दोरीने त्यावर रेघा उमटवतात, मग कामगार वाकून वड्यावड्यांवर हातोडीने कारखान्याचा शिक्का ठोकत जातात. कापलेल्या वड्या एकीवर एक, मध्ये फटी ठेवून, आतून पोकळ अशा उंच मनोऱ्यांत रचतात, म्हणजे वारा चारी बाजूंनी खेळतो. साबणाला वाळायला वेळ द्यावा लागतो, हे त्या मनोऱ्यांकडे पाहून जितके पटते तितके कोणत्याही पुस्तकाने पटत नाही.

फ्रान्समध्ये मार्सेच्या साबणाचा हुकूम निघाला तो ५ ऑक्टोबर १६८८ रोजी. त्याला चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याचे नाव चिकटले असले, तरी कोल्बेर १६८३ मध्येच वारले होते. त्यात ऑलिव्ह तेलाखेरीज कोणतीही चरबी वापरायला मनाई होती, जून ते ऑगस्ट कारखाने बंद ठेवायचे होते आणि नवे तेल १ मेपूर्वी वापरायचे नव्हते. नियम मोडणाऱ्याचा माल जप्त होई. तेलाचा वसा सरकारने इतक्या काटेकोरपणे राखला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

१७९१ मध्ये निकोलस लब्लांने मिठापासून सोडा करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि हळूहळू बारिलाची गरज संपली. त्याचे मला दुःख नाही, कारण सोडियम ते सोडियमच. दुःख पुढच्या बदलाचे आहे. नारळाचे आणि पामचे तेल युरोपात स्वस्तात येऊ लागले, आणि साबणातून ऑलिव्ह निघून गेले, तरी नाव मागे राहिले. अमेरिकेत १९३२ साली हा वाद शिकागोतल्या अपील न्यायालयापुढे आला. जेम्स एस. कर्क या कंपनीने ऑलिव्हविना केलेल्या साबणाला कॅस्टील म्हणू नये, असा व्यापार आयोगाचा आदेश होता. न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. आज मोठ्या अक्षरांत हे नाव आणि ऑलिव्हची फांदी छापलेली बाटली मी विकत घेते, मागचा मजकूर वाचते, तर घटकांत पहिले नाव खोबरेल तेलाचे. ग्राहकाला फेस हवा असतो, म्हणून त्याला फेस दिला जातो. पण ज्या साबणाची ख्यातीच सौम्यतेची आहे, त्याच्या नावाखाली भरपूर फेस विकणे हे मला उघड फसवणुकीचे वाटते, आणि लेबलावर तेलांची टक्केवारी छापणे सक्तीचे व्हावे असे मी आग्रहाने म्हणते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत, आणि ज्यासाठी आपण जमलो ते रसायन अजून बाकी आहे. ते थोडक्यात सांगते.

खोबरेल तेलातले जवळपास निम्मे मेदाम्ल लॉरिक असते. त्याची साखळी १२ कार्बनची आणि आखूड, म्हणून त्याचा साबण पाण्यात झटकन विरघळून मोठे बुडबुडे देतो, पण त्वचेवरचे तेलही जोराने काढतो. ऑलिव्ह तेलात ५५ ते ८३ टक्के ओलिइक आम्ल असते. त्याची साखळी १८ कार्बनची, आणि नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंधामुळे वाकलेली. वाकलेल्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून रचल्या जात नाहीत, म्हणून ताजी वडी मऊ असते आणि ओली झाली की बुळबुळीत थर देते. फेस बारीक, सायीसारखा आणि थोडा. पाणी उडून जाऊन वडीची आतली रचना हळूहळू पक्की होते. इतर साबणांना चार-सहा आठवडे पुरतात. याला किमान सहा महिने द्यावेत, वर्ष दिले तर उत्तम.

प्रमाण लिहून घ्या. एक किलो ऑलिव्ह तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाच टक्के तेल मोकळे राखायचे असेल तर १२८ ग्रॅम घ्या, आणि पाणी त्याच्या दुप्पट. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. महागडे एक्स्ट्रा व्हर्जिन तेल यात घालू नका. साबणकऱ्यांनी हलक्या प्रतीचे, चोथ्यातून काढलेले तेलही पुष्कळ वापरले आहे. ते ट्रेसलाही लवकर येते आणि वडीला हिरवट छटा देते.

शेवटचा मुद्दा बोअरच्या पाण्याचा, कारण आपल्यातल्या अनेकांच्या घरी तेच येते. जड पाण्यातले कॅल्शियम कोणत्याही साबणाशी मिळून पांढरी साय धरते, आणि आधीच कमी फेसाच्या या वडीचा फेस तिथे दिसेनासाच होतो. त्यावर उपाय म्हणून सोडा मिसळण्याआधी त्याच पाण्यात १० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून घ्या, आणि ते आम्ल सोडा खाते म्हणून १२८ ग्रॅममध्ये आणखी सव्वासहा ग्रॅम सोडा वाढवा.