आधी कमोड ठरवा, मग लाद्या

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर… 1980-90च्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधली बाथरूमं आता एकेक करून फोडायला निघाली आहेत. हौस हे कारण क्वचितच. बहुतेकदा खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन सांगतात, "आमच्या छताला ओल धरलीय, जरा बघता का?" आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या त्या सभासदाचाच. त्या काळचे लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, लाद्यांच्या सांध्यांमधलं सिमेंट निघून गेलेलं असतं. मग घरात ठरतं, फोडायचंच आहे तर सगळं नवं करून घेऊ. आणि मंडळी निघतात ती थेट टाइलच्या दुकानात.

मी घरांच्या दुरुस्तीची कामं करून देते. माझं गिऱ्हाइकांना पहिलं सांगणं असतं की टाइल सगळ्यात शेवटी. आधी कमोड, नळ आणि गीझर कुठला घेणार ते पक्कं करा, जमल्यास आणूनच ठेवा. कारण प्लंबर पाइपची तोंडं काढतो ती त्यांच्या मापाने.

कमोडचंच घ्या. ज्याचं पाणी खाली जमिनीत जातं तो एस-ट्रॅप, भिंतीत जातं तो पी-ट्रॅप. एस-ट्रॅपमध्ये पाइपच्या मध्यापासून भिंतीचं अंतर मोजतात. बाजारात 4, 9, 12 इंच अशी मापं मिळतात. हे अंतर तयार भिंतीपासूनचं, म्हणजे लादी बसल्यानंतरचं. प्लंबरने उघड्या विटेपासून 9 इंच मोजले आणि वर प्लास्टर, लादी मिळून दीड इंच चढला, की कमोड भिंतीला अडतो आणि पाइपवर बसतच नाही. मग नवी लादी पुन्हा फोडा!

सध्या मागणी भिंतीवर टांगलेल्या कमोडला आहे. खालून फरशी पुसता येते, दिसतोही छान. पण त्याची टाकी आणि लोखंडी फ्रेम भिंतीच्या आत लपलेली असते, आणि आपल्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार इंची. त्यात टाकी कोरायला गेलात तर पलीकडच्या बेडरूममध्ये निघाल. म्हणून पुढे एक खोटी भिंत उभारतात, त्यात सहा-आठ इंच जातात. चार बाय सातच्या बाथरूममध्ये सहा इंच म्हणजे दार उघडून आत वळायची जागा. इतक्या लहान जागेत मी साधा, जमिनीवर बसणारा कमोडच सुचवते. फ्लश मात्र दोन बटणांचा घ्या. एका बटणाला साधारण 3 लिटर, दुसऱ्याला 6; जुन्या टाक्या दर वेळी दहाएक लिटर ओतायच्या.

आता शॉवर. दुकानात ताटाएवढा रेन शॉवर धो-धो कोसळताना दाखवतात, कारण तिथे मागे पंप लावलेला असतो. आपल्याकडे पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, आपल्याच वजनाने. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहत असाल तर तुमच्या वाट्याला अर्धा बारही येत नाही. अशा घरात तो भला थोरला शॉवर नुसता ठिबकतो. तिथे लहान तोंडाचा हँड शॉवर बरा.

आणि खरं सांगा, घरात रोज शॉवरखाली आंघोळ करतं कोण? बहुतेक घरांत बादली आणि तांब्याच चालतो, त्यात कमीपणा काही नाही. मग नळाखाली भरलेली बादली सहज सरकवता येईल एवढी उंची ठेवा. नक्षीदार डिझाइनच्या नादात तोटी इतकी खाली येते की बादली तिरकी धरून भरावी लागते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. बोअरचं पाणी असेल तर काळे नळ आणि काचेचं पार्टिशन टाळा. क्षारांचे पांढरे डाग रोज पुसायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

जमिनीच्या लाद्या लहान आणि खरखरीत हव्यात. फूट बाय फूट लादीला जाळीकडे चहूबाजूंनी ढाळ देता येतो. दोन बाय चारची लादी सपाटच बसते, आणि पाणी कोपऱ्यात साचून राहतं. जुन्या फरशीवरच नवी चिकटवून देतो म्हणणारा मिस्त्री भेटेल. स्वस्तात काम होतं, राडारोडाही नाही. पण फरशी वर चढते, उंबरठा बुडतो, आणि खालच्या काकांचं छत ओलं ते ओलंच. लादी पाणी अडवत नाही, ते काम तिच्याखालच्या वॉटरप्रूफिंगचं. तो थर वाळला की जाळीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवा, निदान 24 तास, शक्य तर दोन दिवस. खाली जाऊन छत कोरडं आहे का ते स्वतः बघा, मगच लादीला हात लावू द्या. मिस्त्री घाई करेल, करू दे.

घरात आजी-आजोबा असतील तर कमोडशेजारी धरायचा दांडा लावा, तोही भक्कम विटेच्या भिंतीत. गीझरला अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, त्यावर चर्चा नको.

आणि भिंतीत पाइप टाकून झाले, पण लादी अजून बसायची आहे, त्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलचा दांडा बसवायला कुणी ड्रिल घेऊन आलं, की त्याला आधी ते फोटो दाखवा.

नमस्कार.