मार न लागता फुटलेली पांथरी

डावीकडच्या खालच्या बरगड्यांच्या आड असलेली पांथरी, म्हणजेच प्लीहा, निरोगी माणसात मुठीएवढी आणि साधारण १५० ग्रॅम वजनाची असते. ती फुटल्याचे सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसले, की डॉक्टर आधी अपघाताची किंवा पोटाला बसलेल्या माराची चौकशी करतात. क्वचित असे काहीच घडलेले नसते.

एडिनबरोचे डॉक्टर जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४५ साली छपरे शाकारणाऱ्या एका २८ वर्षांच्या कामगाराचे शवविच्छेदन केले, तेव्हा त्याची पांथरी साडेतीन किलोच्या घरात भरली. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. त्या कामगाराची पांथरी फुटली नव्हती. मात्र कर्करोगाच्या पेशी आत साठत जातात, तिच्या वेष्टनातही शिरतात, काही भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्यातच प्लेटलेट घटलेल्या असल्या, तर खोकल्याची एखादी उबळसुद्धा ती फुटायला पुरेशी ठरू शकते.

मग पोटात डावीकडे वर कळ येते, चक्कर येते, नाडी जलद चालते. कित्येकदा डावा खांदा दुखतो, कारण साचलेले रक्त श्वासपटलाला डिवचते आणि त्याची वेदना खांद्यात जाणवते. खांद्याचे हे दुखणे फार सहज दुर्लक्षिले जाते, याची काळजी वाटते.

आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यूचा संशय आधी येतो आणि तो रास्तच आहे, कारण या तापांतही पांथरी फुटू शकते. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, माराविना पांथरी फुटलेल्या ८४५ रुग्णांच्या आढाव्यात मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांचा समावेश असलेला गट सुमारे ३० टक्के, तर संसर्ग २७ टक्के होता.

म्हणूनच रक्तस्राव थांबवून, गरज पडल्यास पांथरी काढून टाकून, काम संपत नाही. काढलेली पांथरी तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे, आणि रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाच पाहिजे. तिथे अपरिपक्व पांढऱ्या पेशींची दाटी दिसली, तर अस्थिमज्जेची तपासणी करावी लागते. निदान क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे निघाले, तर २००१ पासून वापरात असलेल्या इमॅटिनिबच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांचा आजार वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. पांथरी गमावलेल्या रुग्णाला न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या जिवाणूंविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात, आणि साध्या तापातही त्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे असते.