पोमुच : जुन्या हाडांना नवं कापड

मेक्सिकोच्या कांपेचे राज्यातलं हे पोमुच. माया लोकांचं गाव. एरवी याचं नाव आहे ते इथल्या पावासाठी. पण ऑक्टोबर सरत आला, मृतांचा सण जवळ आला की बेकऱ्यांपेक्षा जास्त वर्दळ दफनभूमीत असते.

हे रंगवलेले सिमेंटचे कोनाडे पाहा. प्रत्येकात एक लाकडी पेटी, झाकण उघडं, आणि आतून बाहेर बघणारी कवटी.

माणूस गेला की आधी त्याला रीतसर पुरतात. साधारण तीन वर्षांनी हाडं बाहेर काढायची, साफ करायची, पेटीत रचायची. कवटी सगळ्यांत वर. खाली पांढरं कापड. त्याच्या कडांना भरतकाम, फुलांचं, कधी गेलेल्याच्या नावाचं. मग दरवर्षी घरच्यांनी यायचं, एकेक हाड ब्रशनं झटकायचं आणि कापड बदलायचं. हे कापड म्हणजे मृतांचे कपडेच. सणासुदीला मळक्या कपड्यांत ठेवलं तर मृत रुसतात, गावातून भटकत राहतात, असं इथली माणसं सांगतात.

बाहेरून आलेले कॅमेरे यात भय शोधतात. खरं तर इथे घरकाम चाललंय. हात चालू, तोंडही चालू. घरातल्या बातम्या पेटीला सांगितल्या जातात. ज्यांना हे जमत नाही ते दफनभूमीतल्या कामगाराला पैसे देऊन करून घेतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आणि याच सणाला राजधानी मेक्सिको सिटीत निघते ती भव्य मिरवणूक? ती सुरू झाली २०१६ साली, आदल्या वर्षीच्या एका बाँडपटात तशी दाखवली होती म्हणून. आधी पडद्यावर, मग रस्त्यावर!

इथे पोमुचमध्ये या सणाला माया भाषेत ‘हानाल पिशान’ म्हणतात, आत्म्यांचं जेवण. ३१ ऑक्टोबरला येतात गेलेली लेकरं, १ नोव्हेंबरला मोठी माणसं. त्यांच्यासाठी खास ‘पिब’: मक्याच्या पिठात कोंबडी आणि अचिओतेच्या बियांचा लाल मसाला भरून, केळीच्या पानात बांधून, जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर भाजलेला. पान उघडलं की आधी वाढायचं ते मृतांना. ज्याचं मागे कुणीच उरलं नाही अशा एकट्या आत्म्याचाही वाटा वेगळा काढतात. घरचे नंतर जेवतात. आणि सणानंतर आठवड्यानं येणाऱ्या ‘बिश’ या दिवशी याच मृत पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा स्वयंपाक.