पिवळं झालं काय?

(पहाट. नळाची धार, स्टीलच्या गुंडांची खणखण, मागे कुठंतरी कूलरचा आवाज.)

मे महिना, नागपूर, सकाळचे साडेपाच वाजलेत आणि आत्ताच शर्ट पाठीला चिकटलाय, म्हणजे दुपारचं काय ते तुम्हीच समजा. उत्तर नागपुरातली एक वस्ती आहे ही. इथे नळ यायच्या आधी पाण्याचे गुंड येतात, मग ड्रम, मग पेंटच्या रिकाम्या बादल्या, मग टुल्लू पंप लावणाऱ्याला दोनचार शिव्या, आणि मग कुठं पाणी.

ह्या काकू. नाव सांगत नाही, त्यांनीच बजावलंय, "फोटो घे बाबू, पण नाव नको घेऊ, नाईतर सारे मलेच विचारतीन पाणी काहून नाई आलं म्हणून." त्यांच्या हातात एक छोटी काचेची नळी आहे. नळाचं पाणी तिच्यात खुणेपर्यंत भरायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, आणि उजेडात धरून बघायचं. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात जंतू मारणारं क्लोरीन आहे, जितकं पिवळं तितकं जास्त. गावाकडे ज्याला ओटी टेस्ट म्हणतात तीच ही.

पिवळं झालं. हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखं, फिकट पण पिवळं.

मग काकू मला घरात घेऊन गेल्या. माठात कालचं पाणी, याच नळाचं. तेच थेंब, तीच नळी. मी कॅमेरा जवळ नेला, फोकस केला, दोन मिनिटं वाट पाहिली, पण पाणी जसंच्या तसं, कोरं. "पाय, काहीच नाही झालं," काकू म्हणाल्या आणि नळी मोरीत उलटी केली.

हा व्हिडिओ खरंतर नागपूरवर नाही, तो निर्वासितांच्या कॅम्पातल्या पाण्यावर आणि संडासांवर आहे. पण मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट समजली ती त्या मोरीपाशी, म्हणून सुरुवात इथून.

आणि निर्वासित हा शब्द आपल्याला काही नवा नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी जरीपटका उभा केला, आज तिथे चप्पल घ्यायला जाताना कुणाच्या डोक्यातही येत नाही की ही माणसं एका रात्रीत घर सोडून आली होती. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासून. त्यांचे स्वेटर आपण दर हिवाळ्यात घेतो, भाव करून.

आता थोडं मागे जाऊ. जुलै १९९४. रवांडातल्या नरसंहारानंतर काही दिवसांतच पाच ते आठ लाख माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा गावाजवळ आली. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, खड्डा खणायचा तर कुदळ उडते, म्हणजे संडासही नाही आणि पुरायलाही जागा नाही. पाणी प्यायला किवू सरोवर. कॉलरा आला, मागोमाग रक्ती आव, आणि पहिल्या महिन्यात जवळपास पन्नास हजार लोक गेले. बहुतेक जुलाबाने. मीठ-साखर-पाण्याने वाचण्यासारख्या आजाराने.

त्यानंतर मदत करणाऱ्या संस्थांची चांगलीच चौकशी झाली, त्यांनी स्वतःही केली, आणि १९९७ मध्ये स्फिअर नावाचं काम सुरू झालं, किमान किती द्यायचं ते लिहून काढायचं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, हातपंप असेल तर ५००. नळ घरापासून ५०० मीटरच्या आत आणि रांग अर्ध्या तासाच्या आत. वीस माणसांमागे एक संडास, तोही पन्नास मीटरच्या आत.

१५ लिटर म्हणजे किती माहितीये? आपल्या घरातला मोठा कूलर मे महिन्यात भरून बघा, त्याची अर्धी टाकीसुद्धा भरत नाही. तेवढ्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, लेकराचे कपडे, सगळं. बरं, हे किमान आहे, आणि कित्येक कॅम्पांत हेही मिळत नाही.

(थोडी शांतता. कूलरमध्ये पाईपने पाणी पडतंय.)

पण माझं भांडण आकड्यांशी नाही, आकडे हवेतच. माझा प्रश्न एवढाच की हे मोजतं कोण आणि कुठं उभं राहून मोजतं.

क्लोरीनचंच घ्या. बरीच वर्षं पद्धत अशी की नळावर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलं की वहीत टिकमार्क, पाणी सुरक्षित. शहरात पाईपातून थेट ग्लासात पाणी येतं तिथे हे ठीक आहे. कॅम्पात बाई कॅन भरते, डोक्यावर नेते, झोपडीत ठेवते, आणि तेच पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरवते, मधे त्यात पेला बुडतो, लेकराचा हात बुडतो. दक्षिण सुदानमध्ये मबान भागात २०१२ साली कॅम्पांमध्ये हिपॅटायटिस ईची साथ आली, गरोदर बायकांना हा आजार फार वाईट. पुढे तिकडच्या कॅम्पांत काही जणांनी एक साधं काम केलं, नळावर मोजलं आणि मग त्याच कॅनच्या मागे मागे घरापर्यंत गेले, काही तासांनी परत मोजलं. नळावर पास झालेलं पाणी घरात नापास होत होतं, कारण ऊन, गरमी, उघडं भांडं, कॅनच्या आत साचलेली शेवाळी. २०१५ मध्ये हे छापून आलं आणि त्यांचं म्हणणं होतं की अशा ठिकाणी नळावर साधारण १ मिलिग्रॅम हवं, तर दहा तासांनी घरात काही उरेल.

म्हणजे काकूंच्या मोरीतलीच गोष्ट! फक्त काकूंना त्यासाठी विमानाने कुठे जावं लागलं नाही.

आता सगळ्यांच्या लगेच डोक्यात येतं की मग टाका ना जास्त क्लोरीन. टाकून बघा. जास्त वास आला की लोक ते पाणी पीतच नाहीत, नाल्याचं आणतात, "औषधाचं पाणी" नको म्हणतात, कधी कधी अफवा उठते की यानं मूल होत नाही. इथे पुन्हा तेच, लोकांना विचारल्याशिवाय मात्रा ठरत नाही. वास किती चालतो हे काही प्रयोगशाळा सांगणार नाही, ते पिणारा सांगणार.

आपल्या शहरात नीरी आहे, १९५८ पासून, पाण्यावर काम करणारी देशातली मोठी संस्था, पूरग्रस्त भागासाठी त्यांनी नीरी-झर नावाचं वीज न लागणारं फिल्टरही काढलंय. आपण तिथून जाताना बोर्ड वाचतो आणि पुढे जातो, मीही तेच करत आलोय. असो.

मलावीतली एक गोष्ट मला फार आवडते. १९९३, मोझांबिकमधून पळून आलेल्या लोकांचा कॅम्प. काही घरांना वेगळ्या बादल्या दिल्या, वर झाकण आणि ओतायला तोटी, म्हणजे हात आत जातच नाही. बस, एवढंच. त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या लेकरांचे जुलाब साधारण तीस टक्क्यांनी कमी दिसले. आपल्या आज्यांनी माठावर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं का ठेवलं होतं ते आता कळतंय.

(दृश्य: वस्तीतला सार्वजनिक संडास, दारावर कडीच्या जागी सुतळी.)

आता संडास. ह्यावर लोक व्हिडिओ बंद करतात, करू नका.

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. डोंगर कापून बांबू-ताडपत्रीची वस्ती झाली, कुटुपालोंग, आज जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅम्पांपैकी एक. घाईघाईत हजारो संडास खणले गेले, आकडे भराभर वर गेले, रिपोर्टमध्ये छान दिसत होतं. पण कित्येक खड्डे उथळ, पटकन भरणारे, काही तर बोरिंगच्या इतके जवळ की वरून मैला आणि खालून पाणी. आणि दाराला आतून कडी नाही, रात्री दिवा नाही, बायका-पुरुषांची दारं शेजारीशेजारी. मग बायकांनी काय केलं, तर दिवसभर पाणीच कमी प्यायलं. जेवण कमी केलं. रात्र झाली की लेकराला धरून झोपून राहायचं, सकाळची वाट बघत. कित्येकींनी झोपडीतच कोपऱ्यात आडोसा करून आंघोळ सुरू केली.

संडास मोजणाऱ्याच्या वहीत तो संडास "चालू" आहे. बाईच्या हिशोबात तो नाहीच.

आणि हे विचारायला जाणार कोण? तिथे ब्लॉकचा प्रमुख असतो त्याला माझी म्हणतात. आपल्या मराठीत वाचलं तर वाटतं माझी, म्हणजे आपलीच कुणीतरी. पण बहुतेक सगळे पुरुष. मीटिंग माझीकडे, चहा माझीकडे, तक्रार माझीच्या तोंडून. आता पाळीचे कपडे वाळवायला जागा नाही ही तक्रार कुठली बाई माझीला सांगेल? आपल्याकडेही "कावळा शिवला" म्हणून भागवतात ना, सरळ शब्द कोण घेतं. वर भाषेचा घोळ, चाटगावची बोली रोहिंग्या बोलीच्या जवळची आहे पण सारखी नाही, म्हणजे स्थानिक कार्यकर्तीला वाटतं कळलं, आणि कळलेलं असतं भलतंच.

तक्रारपेट्या पण लावल्या हो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुलूप लावलेली पेटी! लोकांचं म्हणणं साधं होतं, समोरासमोर बोला. म्हणून मग काही ठिकाणी बायकाच बायकांशी बोलायला जाऊ लागल्या. कुणी त्यांचं बोलणं टिपायला रेकॉर्डर नेला. ऑक्सफॅमसारख्या संस्थांनी उलटं काम सुरू केलं, आधी बायकांना विचारायचं, मग बांधायचं, मग परत विचारायचं आणि बदलायचं. कडी. आडोशाची भिंत. दिवा. आणि आत एक खुंटी, कपडे टांगायला.

खुंटी! मला ती खुंटी विसरता येत नाही. कुठल्याही मानकाच्या यादीत तुम्ही आधी ती लिहिणार नाही, मी तर नक्कीच नाही.

उलट बाजूही आहे. जॉर्डनमधला झातारी कॅम्प, जुलै २०१२ ला उघडला, सीरियातले लोक. सार्वजनिक संडास-बाथरूम बांधून दिले, पण लोकांनी आपापल्या घराला लागून स्वतःचे बाथरूम बांधायला घेतले, खड्डे स्वतः खणले. नियमात बसत नव्हतं, सांडपाणी रस्त्यावर. पण ते काय सांगत होते? की आम्हाला घरचा संडास हवाय. शेवटी कॅम्पात घराघराला पाईपलाईन आणि सांडपाण्याची सोय करावी लागली. त्याला लोकसहभागाची मीटिंग म्हणा हवं तर, फक्त अजेंडा लोकांनी कुदळीने लिहिला.

मला ह्या लोकसहभाग शब्दाची थोडी अ‍ॅलर्जीच आहे, खरं सांगतो. आपल्याकडे गावात पाणीपुरवठा समिती असते, निम्म्या बायका असाव्या लागतात, सह्या बरोबर असतात, आणि बोलतो कोण, तर नवरा. बॅनर, समोसा, ग्रुप फोटो, झाला सहभाग.

ही सुतळी बघा. ह्या संडासाची कडी तुटून आठ महिने झाले. मी स्वतः ऑनलाईन तक्रार टाकली, कुठल्या ऑफिसात ते जाऊ द्या. चौथ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी धावत पाहायला आलो, सुतळी तशीच. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र कडी लागलेली आहे आणि मला वाटतं ती आता कायमची लागली.

कॅम्पातही हेच होतं म्हणतात, तक्रारी किती आल्या ते मोजतात, किती बंद केल्या ते मोजतात, पण तक्रार करणारीला परत जाऊन विचारलं का, बाई, झालं का काम, हा रकाना पुष्कळदा नसतोच. आणि दोनदा उत्तर नाही मिळालं की तिसऱ्यांदा माणूस बोलत नाही. मग रिपोर्ट म्हणतो, तक्रारी घटल्या.

(पुन्हा काकूंचं घर. दुसरा दिवस, सकाळ.)

काकूंनी काल रात्री माठ घासला, वर ताट झाकलं, आणि आत बुडणारा पेला काढून खुंटीला ओगराळं अडकवलं. नळी भरली, थेंब टाकले. मी म्हटलं, काकू, पिवळं झालं काय?

"थांब ना जरासा, घाई काहून करून राहिला."

दाराकडे वळून त्यांनी नळी उजेडात धरली. अगदी बारीक पिवळसर, असेल नसेल असं. मला तर कॅमेऱ्यात दिसतही नव्हतं. त्यांनी वही काढली, कालच्या तारखेला स्वतःच्या घरापुढे शून्य लिहिलेलं होतं. मी विचारलं, स्वतःच्याच घराचं शून्य कशाला लिहिलं, वरचे लोक काही म्हणाले नाहीत?

"म्हणले ना. म्हणले नळाचं लिहा, घरचं नको लिहू." मग पेन झटकलं, चालत नव्हतं. "म्या म्हटलं, नळाले कोण पेते?"

आजच्या तारखेपुढे त्यांनी काय लिहावं यावर थोडा विचार केला, आणि लिहिलं, "थोडं". बाहेर नळाची धार बारीक झाली होती, कुणीतरी ओरडलं, गेला गेला, आणि काकू वही तशीच उघडी टाकून गुंड घेऊन पळाल्या.