न मागता आलेला पडताळणीचा ईमेल

श्रोतेहो, नमस्कार. "आपले खाते उघडले आहे, ईमेलचा पत्ता आपलाच असल्याची खात्री करण्यासाठी खालील बटण दाबा", अशा अर्थाचा ईमेल, आपण कोठेही खाते उघडलेले नसताना अचानक येतो, तेव्हा काय करावे, या एकाच विषयावर आज मला आपल्याशी बोलायचे आहे. बेळगाव शहर असो, खानापूर तालुक्यातील एखादे गाव असो, की निपाणी-चिकोडीकडचा भाग असो, ईमेल आता मोबाईलमधून घरोघरी पोहोचला आहे. मात्र हा मजकूर बहुधा इंग्रजीत आणि क्वचित कन्नडमध्ये असतो, त्यामुळे आपल्या मराठी घरांतील कितीतरी वडीलधारी माणसे तो पुरता न वाचता, ठळक बटण दिसते म्हणून ते दाबून मोकळी होतात. मला याची मनापासून काळजी वाटते.

असा ईमेल आला की "हा खरा की खोटा?" एवढेच आपण विचारतो. वास्तविक येथे दोन प्रश्न आहेत. ईमेलमध्ये ज्या कंपनीचे नाव आहे तिनेच तो पाठवला आहे का, हा पहिला. आणि ते खाते माझे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर "होय" असले तरी दुसऱ्याचे "नाही" असू शकते, आणि तशा वेळीही बटण दाबायचे नसते.

हे कसे घडते, ते सांगतो. आपल्या भागात पाटील, जाधव, देसाई ही आडनावे इतकी आहेत की एकसारख्या नावांची माणसे गावोगाव सापडतात. त्यांपैकी कोणी खाते उघडताना स्वतःच्या पत्त्यातील एखादा आकडा विसरला, तर पडताळणीचा ईमेल तुमच्याकडे येतो. जीमेलमध्ये तर पत्त्यातील टिंबांना अर्थच नसतो. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब दिले काय किंवा न दिले काय, पत्ता एकच धरला जातो. अशा वेळी ईमेल अगदी अस्सल असतो. तरीही तुम्ही बटण दाबले, तर अनोळखी माणसाच्या खात्यावर तुमचा पत्ता पक्का होतो आणि त्याची बिले व सूचना तुमच्याकडे येऊ लागतात. काहीही न केल्यास ती पडताळणी बहुधा अपुरीच राहते, आणि तेच योग्य आहे.

आणखी एक शक्यता आपल्याकडे विशेष आहे. शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा किंवा परीक्षेचा अर्ज आपण पुष्कळदा कर्नाटक शासनाच्या 'ग्राम वन' सेवा केंद्रात किंवा गावातील ऑनलाइन सेवा केंद्रात भरून घेतो, आणि तेथील चालक आपला ईमेल पत्ता स्वतः टाइप करतो. मुलगा कोल्हापुरात शिकत असला, तर त्याचा महाराष्ट्रातील एखादा अर्जही वडिलांच्याच पत्त्यावर नोंदलेला असू शकतो. म्हणून ईमेल खोटा ठरवण्याआधी घरात सर्वांना विचारावे आणि अलीकडे कोणता अर्ज भरला होता, ते आठवून पाहावे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पाठवणाऱ्याचे नाव हा पुरावा नव्हे. ईमेल पाठवण्याचे जे मूळ नियम 1982 साली निश्चित झाले, त्यांत पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती, त्यामुळे त्या ओळीत कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. चुकीच्या इंग्रजीवरून फसवा ईमेल ओळखावा, असे पूर्वी सांगितले जाई. आता यंत्राकडून शुद्ध मजकूर लिहून मिळतो, तेव्हा त्या खुणेवर विसंबू नये.

उपयोगी पडतो तो दुव्याचा, म्हणजे बटणामागच्या लिंकचा, पत्ता. मोबाईलवर बटण न दाबता त्यावर बोट थोडा वेळ धरून ठेवले की तो दुवा कोठे नेणार आहे, ते बहुतेक वेळा दिसते. हा पत्ता आपल्या टपालाच्या पत्त्यासारखा शेवटाकडून वाचावा. शिवाजीनगर कोणत्याही गावात असू शकते. ते कोणते, हे शेवटी लिहिलेला तालुका आणि जिल्हा ठरवतो. तसेच येथे, सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून, पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव आहे, तेच खरे मालकाचे. त्याच्या डावीकडे बँकेचे किंवा गूगलचे नाव कितीही वेळा आले, तरी त्याला किंमत नाही. अक्षरेही बारकाईने पाहावीत, कारण इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले की ते 'एम'सारखे दिसतात. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे सांगत नाही.

बँकांपुरती एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, सहकारी बँकांसह, आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, आणि हा पत्ता बँकांनाच मिळतो. आपल्याकडील पतसंस्था मात्र बँका नाहीत, म्हणून त्यांच्या पत्त्याला हा शेवट नसेल. तेथे थेट शाखेत जाऊन विचारणेच बरे.

एवढे पाहूनही शंका उरली, तर ईमेल बंद करावा आणि त्या कंपनीचे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ आपल्या हाताने उघडून, आपल्या नावावर काही प्रलंबित आहे का, ते पाहावे. खरी सूचना असेल, तर ती बहुधा तेथेही दिसते. ही वाट लांबची वाटते, पण मला ती सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात त्या ईमेलवर काहीच अवलंबून राहत नाही.

एका प्रसंगी मात्र तातडी करावी. पडताळणीचे ईमेल एकामागून एक, शेकड्यांनी येऊ लागले, तर ते पुसत बसू नये. कधी कधी बँकेची किंवा खरेदीची एक खरी सूचना त्या ढिगात दडून जावी, म्हणूनच हा पूर सोडलेला असतो. प्रथम बँकेचे व्यवहार तपासावेत.

बटण दाबून पासवर्ड किंवा ओटीपी दिला गेलाच असेल, तर पासवर्ड ताबडतोब बदलावा, बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असल्यास 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेवावी, आणि तो ईमेल तक्रारीची नोंद पूर्ण होईपर्यंत पुसू नये. नमस्कार.